निवृत्तिनिधीचा वारसा आणि करआकारणी

निवृत्तिनिधीचा वारसा म्हणजे मृत सभासदाच्या भविष्य निर्वाह निधीत वा निवृत्तिवेतन खात्यात शिल्लक असलेली रक्कम त्याच्या वारसांकडे जाणे होय. भारतात अशा वारशावर स्वतंत्र कर नाही. मात्र रक्कम कोणी स्वीकारावी, तिच्यावर हक्क कोणाचा आणि तिच्या पुढील उत्पन्नावर कर कोणी भरावा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

पार्श्वभूमी

संपदा शुल्क अधिनियम, १९५३ अन्वये मृताच्या मालमत्तेवर कर आकारला जात असे. विश्वनाथ प्रताप सिंह केंद्रीय अर्थमंत्री असताना, १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंबाबत हा कर रद्द झाला. मृत्युपत्राने वा वारसाहक्काने मिळालेल्या रकमेवर प्राप्तिकरही लागत नाही.

नामनिर्देशन

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा औद्योगिक वसाहतींमधील कारखान्यांतील कामगारांनाही लागू आहे. या योजनेनुसार कुटुंब असलेल्या सभासदाला कुटुंबातील व्यक्तींचेच नामनिर्देशन करता येते. कौटुंबिक न्यासाचे नाव देता येत नाही. विवाहापूर्वी केलेले नामनिर्देशन विवाहानंतर रद्द ठरते व नव्याने करावे लागते. सभासदाच्या मृत्यूनंतर निधीसाठी नमुना २०, मासिक निवृत्तिवेतनासाठी नमुना १०-डी आणि विम्यासाठी नमुना ५-आयएफ भरावा लागतो.

नामनिर्देशित व्यक्ती आणि वारस

शिप्रा सेनगुप्ता विरुद्ध मृदुल सेनगुप्ता (२००९) या खटल्यात मृत कर्मचाऱ्याने आईला नामनिर्देशित केले होते. नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम केवळ स्वीकारण्याचा अधिकार असतो, तिची वाटणी वारसा कायद्यानुसार होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून पत्नीचा हक्क मान्य केला. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीसंबंधीच्या खटल्यात न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी समभागांबाबतही हेच तत्त्व मांडले.

कौटुंबिक न्यास

वारसाने मिळालेली रक्कम मृत्युपत्राद्वारे खासगी न्यासाकडे सोपवता येते. असे न्यास भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली येतात. लाभार्थ्यांचे हिस्से निश्चित असल्यास उत्पन्नावर त्यांच्या दराने कर लागतो. हिस्से ठरवणे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडल्यास सर्वसाधारणपणे कमाल दराने कर आकारला जातो. मृताने केवळ अवलंबून असलेल्या नातलगासाठी मृत्युपत्राने केलेला एकमेव न्यास याला अपवाद ठरतो. अपंग अपत्याच्या पालनपोषणासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

कुटुंब निवृत्तिवेतन

कुटुंब निवृत्तिवेतन करपात्र असते. त्यातून एक तृतीयांश किंवा १५,००० रुपये, यांपैकी कमी असलेली रक्कम वजा होते. नव्या करप्रणालीत ही मर्यादा २५,००० रुपये आहे.

अमेरिकेशी तुलना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची स्थिती वेगळी असते. तेथे पारंपरिक निवृत्ती खात्यातून वारसाने काढलेली रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते. २०२० पासूनच्या मृत्यूंबाबत जोडीदार वगळता बहुतेक वारसांना दहा वर्षांत खाते रिकामे करावे लागते. रक्कम न्यासातच राहिल्यास थोड्या उत्पन्नावरही ३७ टक्के हा सर्वोच्च दर लागू होतो.