फाटलेल्या आवाजाची गोष्ट

आमच्या पिढीने व्हॉल्व्हच्या रेडिओचा शेवटचा काळ पाहिला. बटण फिरवलं की तो लगेच बोलत नसे. आत काचेच्या नळ्यांत तांबूस उजेड पडायचा, लाकडी पेटी हळूहळू कोमट व्हायची आणि मग कुठे निवेदकाचा आवाज यायचा. हौसेने आवाज पूर्ण वाढवला की घरातलं वडीलधारं माणूस ओरडायचं, "कमी कर, आवाज फाटतोय!" हे फाटणं म्हणजे दोष, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नसे. याच दोषाला पुढे जगभरच्या गिटारवादकांनी गळ्यातला ताईत कसा केला, ती ही हकीकत.

व्हॉल्व्हचं काम समजायला अवघड नाही. निर्वात काचेच्या नळीत एक तापलेला भाग असतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धातूच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक जाळी. त्या जाळीवर किंचित विजेचा दाब बदलला की धावणारा प्रवाह कितीतरी बदलतो. नळाच्या तोटीसारखंच हे. गिटारच्या तारेचं इवलंसं कंपन जाळीवर सोडायचं आणि पलीकडून मोठं करून घ्यायचं. पण तोटी पूर्ण उघडल्यावर आणखी उघडत नाही, आणि बंद झाल्यावर आणखी बंद होत नाही. कंपन त्याहून मोठं आलं की लाटेचा माथा चपटा होतो. या चपट्या लाटेत मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर दाटीने भरतात. आपल्याला आवाज फाटल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. व्हॉल्व्ह हे काम जरा सबुरीने करतो. माथा एकदम कापत नाही, आधी वाकवतो. म्हणून त्याचं फाटणं कानाला ऊबदार लागतं.

आपल्याकडच्या रसिकाला हे परकं वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून कारागीर जवारी लावतो, ती याच उपस्वरांसाठी. मिरजेच्या सितारमेकर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच कसब जपलं. गवयाच्या गळ्यालाही आपण कौतुकाने ‘जवारीदार’ म्हणतो. कव्वालाचा आवाज वरच्या पट्टीत थोडा चिरफाळतो तेव्हाच मैफल डोलू लागते, हा माझा अनुभव आहे. फरक एवढाच की तंबोऱ्याची जवारी कारागिराने हेतुपुरस्सर लावली, गिटारची बिघाडातून सापडली.

१९५१ साली अमेरिकेत ‘रॉकेट ८८’ ही तबकडी निघाली, तीत वाटेत दुखावलेल्या एका अॅम्प्लिफायरचा गुरगुरता आवाज तसाच राहू दिलेला आहे. १९५८ मध्ये लिंक रे या वादकाने ‘रंबल’ या धूनसाठी स्पीकरच्या कागदी पडद्याला भोकं पाडली. या धुनेत एकही शब्द नाही, तरी काही अमेरिकी रेडिओ केंद्रांनी ती वाजवायला बंदी घातली! १९६४ मध्ये लंडनच्या ‘किंक्स’ या चमूतल्या डेव्ह डेव्हिस या पोराने दाढीच्या ब्लेडने स्पीकर चिरला. बुजुर्गांनी डोक्याला हात लावला असेल.

गंमत अशी की ज्यांनी हे अॅम्प्लिफायर बनवले त्यांना फाटका आवाज मुळीच नको होता. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचे लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. स्वच्छ, खणखणीत आवाज हा त्यांचा ध्यास. त्यांचा ‘बासमन’ हा अॅम्प्लिफायर बास गिटारसाठी होता, पण साध्या गिटारवाल्यांनीच तो उचलला.

तिकडे पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. मार्शल स्वतः ड्रमवादक, ड्रमचे शिक्षकही. दुकानात येणाऱ्या पोरांना अमेरिकी अॅम्प्लिफायर हवे असत, पण ते खिशाला परवडत नसत. तेव्हा १९६२ मध्ये मार्शल यांनी दुकानातला दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा कोवळा तंत्रज्ञ यांना हाताशी धरून बासमनचाच आराखडा इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभा केला. पहिल्या टप्प्यावर जास्त जोराचा ईसीसी ८३ व्हॉल्व्ह बसला, उघड्या पाठीच्या पेटीऐवजी बंद पेटी आली, आत दहाऐवजी बारा इंची चार स्पीकर आले. आराखडा तोच, पण आवाज लवकर तापणारा, लवकर फाटणारा. नक्कल करताना हाताशी जे मिळालं त्यातून नवीन घराणं जन्माला आलं!

हा आवाज जगाला नीट ऐकू आला तो १९६६ मध्ये. जॉन मेयॉल यांच्या चमूबरोबर एरिक क्लॅप्टन लंडनच्या डेक्का स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला गेला. तेव्हाची रीत अशी की स्टुडिओत अॅम्प्लिफायर दबक्या आवाजात लावायचा. क्लॅप्टनने आपला मार्शल मंचावर वाजवायचा तेवढ्याच जोरात लावला आणि कमी करायला साफ नकार दिला. (त्या मॉडेलचं नाव ‘१९६२’, ते साल नव्हे, क्रमांक आहे.) तंत्रज्ञ हबकले, पण क्लॅप्टनचं म्हणणं खरं होतं. शेवटच्या टप्प्यातले मोठे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर या सगळ्यांना घाम फुटल्याशिवाय तो स्वर येतच नाही.

इथे खरी अडचण सुरू झाली. चांगला स्वर हवा तर कान किटवणारा आवाज सोसायचा. ‘हू’ या चमूचा पीट टाउनशेंड याने मार्शलकडून शंभर वॉटचे अॅम्प्लिफायर करून घेतले, ते एकावर एक रचले, आणि पुढे आयुष्यभर कानातल्या गुणगुणीचं आणि बहिरेपणाचं दुखणं भोगलं. त्याने हे स्वतः अनेकदा उघड सांगितलं आहे. त्या काळच्या कितीतरी वादकांची हीच कहाणी. आणि शंभर वॉटचे पन्नास केले म्हणून आवाज निम्मा होत नाही. जेमतेम तीन डेसिबल उतरतो. कानाला निम्मा वाटायचा तर दहा वॉटवर यावं लागतं.

मग तोड काढायची धडपड सुरू झाली. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ याने छोट्या फेंडर अॅम्प्लिफायरच्या पोटात दांडगी यंत्रणा बसवली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला व्हॉल्व्हचा एक जादा टप्पा जोडला. एका व्हॉल्व्हने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला ढकलायचं, आणि शेवटी वेगळ्या बटणाने एकूण आवाज आवरायचा. फाटणं आणि मोठेपणा यांची अशी फारकत झाली. आज ‘हाय गेन’ म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. कार्लोस सांतानाने हे यंत्र डोक्यावर घेतलं आणि त्याच्याच एका उद्गारावरून त्याला ‘बूगी’ नाव पडलं. मार्शलनेही १९७५ मध्ये असं बटण दिलं. १९८१ पासून तोच आराखडा ‘जेसीएम ८००’ नावाने गाजला. हे नाव मार्शल यांच्या मोटारीच्या पाटीवरून घेतलेलं! एडी व्हॅन हेलनने वेगळीच वाट धरली: जुन्या मार्शलला मिळणारा विजेचा दाबच कमी करायचा. सुरुवातीला त्याने लोकांना उलटं, दाब वाढवतो असं, सांगितलं होतं.

ज्यांच्या घरी गिटार वाजवणारं पोर आहे त्यांच्यासाठी या इतिहासातून निघणारं थोडं शहाणपण सांगतो. गेनचं बटण शेवटापर्यंत फिरवणं हा नवशिक्यांचा आवडता उद्योग, आणि माझ्या मते स्वर बिघडवण्याची खात्रीची रीत. सगळंच चपटं झालं की हलका आघात आणि जोराचा आघात यांत फरक उरत नाही, बोटांची ओळख पुसली जाते. मधल्या सुरांचं बटण शून्यावर नेलं की खोलीत एकट्याला छान वाटतं, पण चमूत ड्रम सुरू होताच गिटार गायब होते. फाटक्या आवाजात सा आणि प एवढेच वाजवावेत. त्यांच्या मिसळीतून खालच्या सप्तकातला सा आपोआप गुंजतो; गंधार मिसळला की गढूळपणा येतो. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर चालू करू नये, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आत हात तर घालूच नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट दबा धरून असतात.

ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओतून, दूरचित्रवाणीतून व्हॉल्व्ह गेला, पाश्चात्त्य देशांतले मोठमोठे कारखाने बंद पडले. गिटारवाल्यांसाठी ते बनत राहिले ते मुख्यतः रशियातल्या सारातोव शहरात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाने निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या दुकानांतून व्हॉल्व्ह पटापट संपले, भाव चढले. आता संगणकाची चकती हुबेहूब तोच स्वर काढते, वजनाने हलकी, कानाला सोसणारी. तरीही ती बनवणारे आपल्या यंत्राची परीक्षा घेतात ती शेजारी जुना मार्शल तापवून ठेवूनच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)