‘मी येतो’ की ‘मी येते’?

लहानपणी घरी आम्ही दखनी बोलायचो. मराठी आली ती शेजारच्या काकूंच्या ओट्यावर. त्यामुळे मी बरेच दिवस ‘मी येते’ म्हणायचो आणि गल्ली हसायची.

श्रोतेहो, हे आठवलं ते अमेरिकेतल्या डाकोटा मुलखातली लाकोटा भाषा चाळताना. तिथे ठाम विधान करताना पुरुष शेवटी ‘येलो’ लावतो, बाई ‘क्श्तो’. १९९० साली ‘डान्सेस विथ वुल्व्ज’ या चित्रपटासाठी नटांना लाकोटा शिकवताना हा भेद गाळून ती सोपी केली गेली. योद्धे बायकांसारखे बोलतात, अशी थट्टा मग रसेल मीन्स यांनी केली.

बाकी ही भाषा आपल्याला इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. ‘होकशिला किन शुंका वान वान्यांके’ म्हणजे मुलाने कुत्रा पाहिला. शुंका हा कुत्रा. घोडा नंतर आला, तो झाला ‘शुंकावाकान’, पवित्र कुत्रा! पैसा म्हणजे ‘माझास्का’, पांढरा धातू. नाती तर विचारूच नका. पुरुषाचा थोरला भाऊ ‘चिये’, बाईचा ‘थिब्लो’. बाप ‘अते’ (आपली आते नव्हे), आणि चुलताही ‘अते’च. आई ‘इना’, मावशीही ‘इना’च.

अशी भाषा घरातच शिकायची असते आणि नेमकं घरच तोडलं गेलं. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाईलची निवासी शाळा निघाली. पहिल्या तुकडीतल्या ल्यूथर स्टँडिंग बेअरने पुढे लिहून ठेवलंय, की फळ्यावरच्या अनोळखी खुणांतून त्याला छडीने आपलं नाव निवडायला लावलं. तो ‘ल्यूथर’ झाला. केस कापले, मायबोलीला बंदी. १९१८ साली ती शाळा बंद पडली, पण तशा शाळा पुढेही बऱ्याच चालल्या. तिथून परतलेल्या कितीतरी आईबापांनी मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. त्यांना दोष कोण देणार?

याच समाजातल्या एला डेलोरिया यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून कथा, बोलणं उतरवून घेतलं. फ्रान्झ बोआस यांच्याबरोबरचं त्यांचं ‘डाकोटा ग्रामर’ १९४१ साली निघालं. आज अस्खलित बोलणारे बहुतेक वृद्धच आहेत. तरुण मंडळी वर्गात बसून आजीची भाषा शिकतात. एखाद्या पोराला ती नुसती आजीकडूनच मिळाली, तर त्याच्याही तोंडी ‘क्श्तो’च येणार. मला हसणारी, चूक दाखवणारी गल्ली तरी होती.