मेणवलीची घंटा आणि वसईचीं आडवाटेचीं स्थळें

आपला आटपाडीचा मुलूख म्हणजे माणदेश. येथें माणसाचें अर्धें आयुष्य पावसाची वाट पाहण्यांत जातें, आणि मुलांना समुद्र ठाऊक असतो तो शाळेच्या नकाशांतील निळ्या रंगापुरता. म्हणून सुटी जवळ आली कीं, धर्मग्रामांतील आईबाप आम्हांस विचारतात, "फादर, मुलांना समुद्र दाखवावयाचा आहे, कोठें न्यावें?" या महोत्सवी अंकाच्या निमित्तानें त्या प्रश्नाचें उत्तर जरा सविस्तर द्यावें असें आम्हीं योजिलें आहे. वसईस न्या, हें आमचें उत्तर. परंतु जें पाहून बहुतेक मंडळी परततात तेवढ्यावर थांबूं नका; थोडें आडवाटेला जा. आणि वसईची वाट वाईवरून धरा.

वाईपासून जवळच कृष्णेच्या कांठीं मेणवली हें गांव आहे. नाना फडणिसांचा वाडा पाहावयास लोक तेथें जातात. वाड्यामागें घाट आहे, घाटावर मेणेश्वराचें देऊळ आहे, आणि तेथेंच एका लहानशा मंडपांत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हें साल असून बाळ येशूस घेतलेल्या पवित्र मरियेची प्रतिमा आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकल्यावर तेथील ख्रिस्तमंदिरांच्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतील ही एक. दुसरी नाशिकास नारोशंकराच्या देवळावर आहे, तिसरी भीमाशंकरास आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांना घेऊन आम्ही मेणवलीस गेलों होतों. मरियेची प्रतिमा पाहून एक नऊदहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "फादर, ही घंटा आपली ना? मग आपण ती परत कां मागत नाहीं?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या मुलाचें घराणें पिढ्यान्‌पिढ्या या माणदेशांतलें. त्याच्या पूर्वजांपैकीं कोणी चिमाजी आप्पांच्या फौजेंत नव्हताच, असें कोणीं सांगावें? मग ही घंटा त्याची कोणत्या नात्यानें? ज्यांनीं ती उतरविली त्यांच्या, कीं जे तिच्या नादावर प्रार्थनेस उठत असत त्यांच्या? हा प्रश्न मनांत घेऊनच पुढें आम्ही वसईस गेलों, आणि तुम्हींही तो बरोबर घेऊन जावा अशी आमची इच्छा आहे.

इतिहास थोडक्यांत असा. गुजरातच्या सुलतान बहादुरशहानें २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें त्यांनीं तेथें तटबंदीचें शहर उभारलें. तटाच्या आंत त्यांचे सरदार राहत. येशूसंघीय, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन धर्मगुरूंचे मठ तेथेंच होते. बाहेर बागायती गांवांत व कोळीवाड्यांत येथील मूळची वस्ती होती. त्या अमलाचें नुसतें गुणगान करणें सत्यास धरून होणार नाहीं. त्या काळीं हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं आणि त्यांच्या उघड उपासनेवर बंधनें आलीं. १७३९ च्या वेढ्यांत देशावरून गेलेले हजारों मराठे त्या तटाखालीं पडले. मे महिन्यांत किल्ला शरण आला, तेव्हां पोर्तुगीज शिबंदीस सन्मानानें बाहेर जाऊं दिलें गेलें. शिबंदी निघून गेली. गांवांतले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी मात्र आपलें घर व आपला धर्म धरून जागींच राहिले.

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावर उतरून किल्ल्यास जातां येतें. किल्ल्याच्या मधूनच रस्ता बंदराकडे जातो. बहुतेक कुटुंबें चिमाजी आप्पांच्या पुतळ्यास वंदन करून तशींच बंदरावर जातात, पाणी पाहतात आणि परततात. आमचें सांगणें असें कीं, या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस शिरावें.

पहिलें स्थळ संत जोसेफ यांच्या मंदिराचा मनोरा. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळीं, १६०१ सालीं, हें मंदिर पुन्हां बांधलें, असें तेथील शिलालेखानें नोंदविलें आहे. मनोऱ्याच्या आंत दगडी गोल जिना आहे. वर जाऊं देत असतील तर मुलांचा हात धरून सावकाश चढावें. तट, झाडी आणि खाडी हीं तेथून एका नजरेंत येतात. याच मनोऱ्यांतून एके काळीं घंटानाद होत असे, हें मुलांना अवश्य सांगावें.

दुसरें स्थळ फ्रान्सिस्कनांचें, संत आंतोन यांचें मंदिर. छप्पर केव्हांच गेलें आहे, पण जमिनींत थडग्यांच्या शिळा अजून आहेत. त्यांवरील अक्षरें व कुलचिन्हें मुलांकडून शोधवावीं, सालें वाचवून घ्यावीं. पायांखालीं माणसें निजलीं आहेत याची जाणीव मात्र असूं द्यावी. तेथें धांवाधांव नसावी.

तिसरें स्थळ येशूसंघीयांच्या मंदिराची दर्शनी भिंत. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म याच वसईचा, सोळाव्या शतकाच्या मध्यावरचा. पिता पोर्तुगीज, माता येथली. येशूसंघीयांजवळ ते शिकले, त्यांच्याबरोबर जपानांत गेले, पुढें व्यापारांत पडले आणि अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन बंधु झाले. जपानी भाषा अवगत असल्यामुळें दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें सव्वीस जणांस क्रुसावर देण्यांत आलें, त्यांत ते होते. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. हिंदुस्थानांत जन्मलेले ते पहिले संत. त्यांची कथा घरीं पुस्तकांतून सांगण्यापेक्षां या भिंतीच्या सावलींत बसून सांगितली, तर मुलें ती विसरत नाहींत, असा आमचा अनुभव आहे.

चौथें स्थळ किल्लाबंदराचा कोळीवाडा. होड्या लागलेल्या असतात, जाळीं शिवणें चाललेलें असतें, बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. किल्ला पडला तरी जे राहिले, त्यांचे हे वंशज. प्रेषित पेत्राचा धंदा कसा असे, हें आपल्या मेंढरांच्या मुलखांतील मुलांना येथें प्रत्यक्ष दिसतें.

दुसरा दिवस हातीं असेल तर तटाबाहेर पडावें. नालासोपाऱ्यास 'बुरूड राजाचा कोट' या नांवानें ओळखली जाणारी टेकडी आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ती खणली, तेव्हां आंत बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटींत एकांत एक ठेवलेले करंडक आणि आठ लहान बुद्धमूर्ति सांपडल्या. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही सोपाऱ्यास त्याच सालीं मिळाला. पोर्तुगीज येण्यापूर्वीं किती शतकें या किनाऱ्यावर धर्माचा विचार चालू होता, हें आपल्या मुलांना कळणें बरें.

तेथून अर्नाळ्यास जावें. किनाऱ्यासमोरच्या बेटावरील किल्ला मराठ्यांनीं १७३७ सालीं घेतला. होडीनें पलीकडे जातां येतें. भरतीओहोटीची वेळ नावाड्यास विचारूनच निघावें. भोंवतीं सारा खारट समुद्र असून किल्ल्यांत गोड्या पाण्याचें टाकें आहे. पाण्यासाठीं वणवण केलेल्या आपल्या आयाबहिणी तें पाहून क्षणभर थबकतील, याबद्दल आम्हांस शंका नाहीं. वाटेंत बागायतदार ख्रिस्ती बांधवांचीं गांवें लागतात. सामवेदी वडीलधारीं माणसें आपसांत कादोडी बोलीत बोलतात, ती कान देऊन ऐकावी. आणि केळीं वाळवून केलेली सुकेळी मिळाल्यास मुलांना चाखवावी.

दोन सूचना करून हा लेख संपवितों. पावसाळ्यांत किल्ल्यांत गवत माजतें आणि पाय कोठें पडतो तें दिसत नाहीं; नाताळच्या सुटींत जाणें उत्तम. आणि भिंतींवर कोणीं नांवें कोरूं नयेत. ज्या भिंतींनीं वेढा सोसला त्यांना आपल्या खडूकोळशाची तरी पीडा नको.

त्या मुलास द्यावयाचें उत्तर मात्र राहिलें आहे. तो आतां मोठा झाला आहे. हा अंक त्याच्या हातीं पडेल. बाळा, तटाखालीं पडले ते तुझ्या मुलखाचे, आणि तटाबाहेरच्या गांवांत धर्म धरून राहिले ते तुझ्या श्रद्धेचे. दोघेही तुझेच. ती घंटा कृष्णाकांठीं आहे तेथें राहूं दे. तुझीं मुलें झालीं कीं, त्यांना आधीं मेणवलीस ने, मग वसईस ने. आणि दोन्ही ठिकाणीं दोघांसाठीं एकेक प्रार्थना कर. परत आल्यावर मुलांनीं तुला काय विचारलें, तें रविवारीं मिस्सेनंतर आम्हांस येऊन सांग.