बरे झाल्याचे कोणी सांगायचे?

खोकताना, हसताना किंवा ओझे उचलताना लघवी सुटणे, हे दुखणे स्त्रिया लाजेपोटी वर्षानुवर्षे अंगावर काढीत आल्या. त्यावरील शस्त्रक्रियांच्या इतिहासात शल्यवैद्यांची नावे ठळक आहेत. रोगिणीचे मत मात्र फार उशिरा विचारले गेले.

कारण निराळे पण हाल तेच, असे एक उदाहरण अमेरिकेतील माँटगोमेरी गावचे आहे. अवघड बाळंतपणात मूत्राशयाला पडलेले छिद्र शिवण्याचे प्रयोग मॅरियन सिम्स याने १८४५ पासून गुलाम स्त्रियांवर केले, तेही भूल न देता. अनार्का नावाच्या मुलीवर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. १८४९ मध्ये चांदीच्या तारेचे टाके टिकले आणि ती बरी झाल्याचे सिम्सने सांगितले. अनार्काने काय सांगितले असते? तिचा एक शब्दही उरलेला नाही.

१९६१ मध्ये जॉन बर्च यांनी मूत्राशयाच्या मानेजवळचा भाग जघनास्थीमागील बंधाला टाक्यांनी टांगण्याची रीत प्रसिद्ध केली. रोगिणीच्याच पोटाच्या आवरणाची पट्टी मूत्रनलिकेखाली आधाराला घालण्याची रीतही प्रचारात होती. अमेरिकेत ६५५ स्त्रियांवर या दोहोंची झालेली तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर कडक कसोट्यांनुसार यश अनुक्रमे ३८ व ४७ टक्के ठरले. समाधानी स्त्रिया मात्र ७८ व ८६ टक्के निघाल्या! वैद्यांच्या कसोटीस न उतरलेल्या पुष्कळजणी स्वतःच्या हिशेबी सुधारल्या होत्या. त्यातही पट्टीवाल्यांना लघवी होण्यास अडचण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग अधिक झाला, तरी अधिक समाधानी त्याच होत्या.