पवनचक्कीची वीज आणि वाऱ्याचा अंदाज : मशीन लर्निंग नेमकं काय करतं?

साताऱ्याजवळचं चाळकेवाडी-वनकुसवडे पठार, कर्नाटकातला गदगचा परिसर, मध्य प्रदेशातल्या देवासच्या टेकड्या. पवनचक्क्या सगळीकडे सारख्याच फिरतात आणि अडचणही सारखीच असते. बहुतेक ठिकाणी ही वीज साठवली जात नाही, तयार झाली की थेट ग्रीडमध्ये जाते. म्हणून उद्या किती वीज मिळेल, हे आजच सांगावं लागतं. त्यासाठी दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग केले जातात. अंदाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे चुकला, तर वीज उत्पादकाला जादा आकार भरावा लागतो.

छोटी चूक, मोठा फटका

वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनानुसार बदलते. वेग सेकंदाला ७ मीटर धरला आणि प्रत्यक्षात ६ मीटरच निघाला, तर ऊर्जा सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरते. साधारण ३ ते ४ मीटरला चक्की वीज देऊ लागते, १२-१३ मीटरच्या आसपास पूर्ण क्षमता गाठते आणि बहुतेक चक्क्या २५ मीटरला सुरक्षेसाठी बंद होतात. म्हणजे मधल्या टप्प्यातली चूकच सर्वात महाग पडते.

मशीन काय शिकतं?

हवामानाचं मॉडेल काही किलोमीटरच्या चौकटीसाठी एकच आकडा देतं. पठाराची कड, दरी, घाट त्यात सपाट होऊन जातात. मशीन लर्निंग हे मॉडेल बाजूला सारत नाही, त्याच्या सवयीच्या चुका दुरुस्त करतं. जुने अंदाज आणि चक्कीवर प्रत्यक्ष मोजलेला वेग शेजारी ठेवले, की पश्चिमेचा वारा असताना इथे मॉडेल नेहमी कमी सांगतं, अशा खुणा सापडतात. रँडम फॉरेस्ट, ग्रेडियंट बूस्टिंग, एलएसटीएम या त्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या पद्धती.

पुढच्या अर्ध्या तासासाठी मात्र ‘आत्ता आहे तेवढाच वारा राहील’ हा साधा अंदाजही बराच टिकतो. नव्या पद्धतीने आधी त्याला हरवून दाखवायला हवं.

गुगल आणि डीपमाइंडने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ७०० मेगावॅट पवनऊर्जेसाठी ३६ तास आधीचा अंदाज वापरायला सुरुवात केली. त्यामुळे त्या विजेचं मूल्य सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी सांगितलं होतं.

कुठे फसतं?

चक्की दुरुस्तीला बंद होती की वाराच पडला होता, हे नोंदीत वेगळं केलं नाही, तर मशीन चुकीचा धडा शिकतं. आपल्याकडे पवनवीज सर्वाधिक जून ते सप्टेंबरमध्ये मिळते, त्यामुळे एकाच पावसाळ्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. चाचणीही शिकवताना न वापरलेल्या, नंतरच्या महिन्यांवरच घ्यावी लागते.

सर्वात अवघड म्हणजे वळिवाचा वारा. तो अर्ध्या तासात उठतो नि पडतो. अशा वेळी एकच आकडा देण्यापेक्षा ‘४० ते ७० मेगावॅट’ असा पल्ला दिलेला ग्रीड सांभाळणाऱ्यांच्या जास्त उपयोगी पडतो. कोयनेसारखं जलविद्युत केंद्र काही मिनिटांत चालू होतं, पण थंड पडलेल्या कोळशाच्या संचाला कित्येक तास लागतात. तूट किती पडू शकते हे आधी कळलं, तरच कोणता संच तयार ठेवायचा ते ठरवता येतं.