माठाजवळ थबकलेला हात

माझी साठी उलटली, तरी परक्या घरी माठाकडे जाणारा हात क्षणभर थबकतोच. गावच्या शाळेत आम्हा महारवाड्यातल्या पोरांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत. घटनेचे १७ वे कलम मला तोंडपाठ आहे. हाताला ते अजून उमगलेले नाही.

मग बालपण म्हणजेच माणसाचे भवितव्य काय? इतिहास तसे सांगत नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने नळाची तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसला की तहान. ती तहान बाबासाहेब विसरले नाहीत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ते हजारोंना सोबत घेऊन गेले.

आमच्या उदगीर भागातले प्र. ई. सोनकांबळे लहानपणीच पोरके झाले. बहिणीच्या आश्रयाने, उपाशीतापाशी वाढले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत काढलेल्या, पुढे मिलिंद म्हणून ओळखल्या गेलेल्या महाविद्यालयात ते शिकले. १९७९ साली ‘आठवणींचे पक्षी’ प्रसिद्ध झाले आणि एका पोरक्या पोराची भूक मराठवाड्याचा इतिहास झाली.

बालपणीची जखम पुसली जात नाही. सोबत आणि शब्द मिळाले तर तिच्याच बळावर माणूस उभा राहतो. मी लातूरला तीस वर्षे शिकवले, मुलांच्या गुणांचा हिशेब चोख ठेवला. माझ्या हाताची गोष्ट मात्र एकाही वर्गात सांगितली नाही. समोरच्या बाकांवर असे थबकलेले हात किती होते, हे म्हणूनच मला कधी कळले नाही.