बाळंतिणींचे दोन विभाग

आज एका जुन्या इस्पितळाची गोष्ट सांगते. युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. त्याची राजधानी व्हिएन्ना. तिथल्या मोठ्या इस्पितळात १८४० नंतरच्या काळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात शिकाऊ डॉक्टर बाळंतपण करत, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. आलेल्या बाईला कुठे घ्यायचं, हे वारावर ठरे.

१८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बाया दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ बाळंतपणांमध्ये १०५. म्हणजे डॉक्टरांकडे शंभरात अकरा, तर सुईणींकडे तीनहून कमी. बाळंतपण नीट व्हायचं, मग ताप चढायचा, पोट दुखायचं, आणि काही दिवसांत बाई जायची. शहरातल्या बायांना हे पक्कं ठाऊक होतं. पहिल्या विभागात नको, म्हणून त्या हात जोडत, पाया पडत. पण त्यांचं ऐकतं कोण?

कुणी म्हणे, हवा वाईट. पण हवा तर दोन्हीकडे एकच होती! तिथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांना याचा छडा लावायचा होता. १८४७ मध्ये त्यांचे एक डॉक्टर मित्र प्रेताची चिरफाड करताना बोटाला सुरी लागून वारले. त्यांची लक्षणं थेट बाळंतिणींसारखी. तेव्हा सेमेलवाइस यांच्या लक्षात आलं, की शिकाऊ डॉक्टर प्रेतं चिरतात आणि त्याच हातांनी बायांना तपासतात. सुईणी प्रेताला हात लावत नाहीत.

मे १८४७ पासून त्यांनी प्रत्येकाला क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. आपल्या विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर याच जातीची. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांमध्ये ४५ मृत्यू झाले. शंभरात जेमतेम सव्वा.

तरी अनेक मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. आपल्याच हातांनी बाया मेल्या, हे मान्य कोण करणार? सेमेलवाइस यांची नोकरी गेली. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात ते वारले. या तापाचे जंतू फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये दाखवून दिले.

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते हातावरून, ब्लेडवरून, मळक्या कपड्यावरून जखमेत शिरतात. म्हणून बाळंतिणीला किंवा तान्ह्या बाळाला हात लावण्याआधी नखं कापलेली हवीत, आणि हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली, कोपरापर्यंत धुतलेले हवेत. नाळ कापायचं ब्लेड नवं, बांधायचा दोरा स्वच्छ, आणि नाळेला शेण, राख, हळद काही लावायचं नाही.

आणि बायांनो, तपासायला कुणीही येवो, "हात धुतलेत ना?" असं विचारायला लाजू नका. व्हिएन्नाच्या बायांचं कुणी ऐकलं नाही. आपण मात्र विचारायचं. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं नक्की बघा : आपल्या उपकेंद्रात बाळंतपणाच्या खोलीजवळ साबण आणि पाणी आहे का?